सोयाबीन बाजारात नेताय? या चुका टाळा

लातूरकडच्या आडतीवर सोयाबीनच्या भावासोबत तीन आकडे ऐकू येतात: 10-2-2. म्हणजे हवा 10 टक्के, माती 2, डागी 2. हवा म्हणजे दाण्यातला ओलावा, डागी म्हणजे डागाळलेला, खराब दाणा. आकडा वर गेला की कपात. खाली राहिला म्हणून जास्तीचा रुपया सहसा कोणी देत नाही. नुकसान नेमकं इथेच होतं.

अती वाळवू नका. 10 टक्के हवेचं एक क्विंटल सोयाबीन 8 टक्क्यांवर आणलं की वजन 97.8 किलो उरतं. जवळपास सव्वादोन किलो उन्हाला दिले, वर कडक दाणा फुटून डाळ पडते ती वेगळीच. उन्हातला गरम दाणा लगेच हवा मोजायच्या मीटरमध्ये टाकला तर आकडा फसवा येतो; आधी सावलीत निवू द्या.

चाळणी लावण्याआधी कपातीची रीत विचारा. समजा, माती 5 टक्के आणि भाव क्विंटलला 4500. दोनच्या वरच्या प्रत्येक टक्क्याला एक टक्का कपात असेल, तर न चाळता 4365 रुपये मिळतात. चाळून माती 2 टक्क्यांवर आणली की माल 97 किलोच उरतो, म्हणजे पैसे जवळपास तेवढेच, आणि चाळणीची मजुरी अंगावर. कपात दुप्पट असेल तर मात्र जरूर चाळा. हमीभाव केंद्रावर हिशोबच वेगळा: तिथे कट्टा (पोतं) मापात बसतो किंवा परत येतो. 2025-26चा हमीभाव 5328 रुपये आहे, त्यामुळे परत आलेला कट्टा महागात पडतो. तिथे हवेची नेहमीची मर्यादा 12 टक्के. 2024च्या हंगामात ती 15पर्यंत सैल केली होती. दरवर्षी त्या भरवशावर बसू नका.

खरी गफलत मिसळण्यात होते. गंजी भिजली, खालचे दोन कट्टे डागी निघाले की आपण सगळं एकाच ढिगात लोटतो. व्यापारी असं करत नाही, तो आधी बेरीज करतो. समजा, 50 किलोच्या 19 कट्ट्यांत डागी 1 टक्का आहे आणि त्या दोन कट्ट्यांत 20 टक्के. एकच कट्टा मिसळला तर सरासरी 1.95, माल मापात. दोन्ही मिसळले तर 2.8. मग लिलावात क्विंटलमागे 150 जरी तुटले तरी साडेदहा क्विंटलवर पावणेसोळाशे गेले. दुसरा कट्टा वेगळा ठेवून 800 कमी भावाने विकला असता, तर अर्ध्या क्विंटलला चारशेच गेले असते. (बुरशी धरलेला कट्टा या हिशोबात धरूच नका, तो वेगळाच ठेवा.)

हवेची अशी सरासरी काढायला मात्र जाऊ नका. 18 टक्क्यांचं आणि 9 टक्क्यांचं सोयाबीन एकत्र केलं तर मीटर बरा आकडा दाखवेलही. पण ओला दाणा लगेच सुकत नाही, कट्टा आतून तापतो आणि वास धरतो. आणि तोंडाला चांगला माल, तळाला डागी ही युक्ती तर सोडूनच द्या. परखी (कट्ट्यात खुपसून नमुना काढायची नळी) तळापर्यंत जाते, आणि पुढच्या वेळी तुमचाच कट्टा आधी उपसला जातो.