मोटारहोमचं छत गळतंय? आधी जुनं सिलिकॉन काढा

मोटारहोमच्या (राहण्याची सोय असलेल्या गाडीच्या) आतल्या डागाच्या बरोबर वर भोक असेल असं धरून चालू नका. पाणी छताखालच्या लाकडी पट्ट्यांना धरून लांब जातं आणि भलतीकडेच टपकतं. डागापासून चढाच्या बाजूला सरकत व्हेंट, स्कायलाइट, एसी, पुढचा-मागचा जोड तपासा. प्लायवूड बोटाने दबलं, तर आधी लाकूड बदला. कुजक्या लाकडावर सीलंट म्हणजे पैसे पाण्यात.

सगळी मेख जुनं सीलंट काढण्यात आहे. ‘सगळं खरवडून काढा’ हा सल्ला निम्मा चुकीचा. जुनं लॅप सीलंट (जोडांच्या कडांवर वरून घालतात ते) घट्ट बसलेलं असेल तर पुसून त्यावरच नवं घाला. फक्त तडकलेलं, कडेने उचललेलं तेवढं काढा. सिलिकॉनला मात्र अजिबात दयामाया नको. कधीतरी कुणीतरी घाईत ट्यूब मारलेली असते, आणि त्यावर पुढे काहीच धरत नाही. रबरासारखं ताणलं जाऊन लांब पट्टीने सोललं जात असेल, तर बहुधा तेच.

प्लास्टिकचाच स्क्रॅपर घ्या. लोखंडी पातं एकदा घसरलं की छताला नवं भोक. सीलंट कडक असेल तर हीटगन मंद ठेवून सतत हलवत राहा. सिलिकॉन सोलून झालं तरी डोळ्यांना न दिसणारा थर उरतोच. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, दर वेळी चिंधीची स्वच्छ बाजू. नाहीतर तोच थर पसरतो. मग मास्किंग टेपचा तुकडा चिकटवून पाहा. सहज सुटला तर पुन्हा पुसा. ईपीडीएमवर (काही छतांवर असणारं रबरी आवरण) पेट्रोल किंवा थिनर कधीच नाही, रबर फुगतं.

स्क्रू जागच्या जागी फिरत असेल तर एक नंबर जाड घाला. फ्लँज (व्हेंट-स्कायलाइटची छतावर टेकणारी चपटी पट्टी) उचलली असेल तर खाली नवी ब्युटाइल टेप, म्हणजे मऊ चिकट सीलिंग पट्टी.

सपाट भागावर सेल्फ-लेव्हलिंग (आपोआप पसरणारं), उभ्या कडेला न ओघळणारं सीलंट. ट्यूबवर तुमच्या छताचं नाव (ईपीडीएम, टीपीओ म्हणजे प्लास्टिकसारखं आवरण, फायबरग्लास) असलंच पाहिजे. फ्लँजची कड आणि प्रत्येक स्क्रूचं डोकं झाकून छतावर सेंटिमीटरभर पुढे येऊ द्या. सेल्फ-लेव्हलिंगवर बोट फिरवू नका, ते आपोआप सपाट होतं. हवा कोरडी आणि 10 अंशांच्या वर हवी.

दोन दिवसांनी नळीने पाणी सोडा, खालच्या जोडापासून वर, एकेका जोडावर काही मिनिटं. एकाला आत टॉर्च घेऊन बसवा. वरून सुरुवात केलीत तर कुठला जोड गळतोय ते कळणारच नाही.