एमएसच्या पिनेला कडक साल: कोळशाच्या पेटीची पद्धत

एमएसची, म्हणजे साध्या मऊ पोलादाची (माइल्ड स्टील) पिन लालबुंद करून पाण्यात बुडवली, तरी कानस तिला खातेच. कारण कार्बन. एमएसमध्ये तो जेमतेम ०.२ टक्के, आणि पाणी नीट चढायला, म्हणजे तापवून विझवल्यावर पोलाद कडक व्हायला, ०.४ टक्के तरी लागतो. ईएन८ या मध्यम कार्बनच्या पोलादात तेवढा असतो, त्यामुळे त्याच्या पिनेसाठी हा खटाटोप नको. ज्योतीने तापवून पाणी दिलं की झालं. एमएसच्या सालीत, म्हणजे बाहेरच्या पातळ थरात, मात्र कार्बन आधी भरावा लागतो.

लोणारी कोळसा हरभऱ्याएवढा फोडून चाळा. दगडी कोळसा नको, त्यातलं गंधक पोलादाला बाधतं. वजनाने ९ भाग कोळशात १ भाग धुण्याचा सोडा मिसळा. बेरियम कार्बोनेटने काम जास्त चांगलं होतं, पण ते विषारी आहे. ५-६ मिमी जाड पत्र्याच्या पेटीत जॉबच्या (कडक करायच्या पिनेच्या) चहूबाजूंनी २५ मिमी थर येईल असं ठासून भरा. झाकणाची फट फायरक्लेने लिंपा. भट्टीजवळ हवा खेळती हवी; कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

९२५ अंशांवर ४ तासांत साधारण १ मिमी साल मिळते. दुप्पट खोलीला वेळ मात्र चौपट. तास मोजायचे ते पेटीचा गाभा तापल्यावर, आणि इथेच बहुतेकांची साल पातळ राहते. म्हणून झाकणातून ६ मिमीच्या दोन-तीन एमएस सळया आत सोडून ठेवा. एक ओढून पाण्यात विझवा आणि मोडा: कडेला बारीक दाण्याचं राखाडी कडं दिसेल, तीच साल.

पेटीतून काढून थेट पाणी देऊ नका. इतका वेळ तापून दाणा मोठा झालेला असतो, जॉब ठिसूळ होतो. पेटीतच निवू द्या. आटे मऊ हवे असतील तर तिथे आधीच व्यासाला ३ मिमी जादा ठेवा आणि आता ती साल लेथवर उतरवून आटे पाडा.

मग पिन पुन्हा तापवा, ७८०-८०० अंशांपर्यंत. चुंबक चिकटायचं थांबलं की त्याच्या किंचित वर. पिन उभी धरून १० टक्के मिठाच्या पाण्यात बुडवा आणि हलवत राहा. आडवी टाकली तर वाकते, स्थिर धरली तर वाफेच्या बुडबुड्यांखाली मऊ डाग राहतात. लगेच १६०-१८० अंशांवर तासभर टेंपरिंग, म्हणजे ठिसूळपणा कमी करायला हलकं तापवणं. घरच्या ओटीजीतही होतं.

कानस घसरली पाहिजे. ग्राइंडिंगला बाजूला ०.२ मिमीच ठेवा, बारीक कट घ्या आणि कूलंट सोडा. निळा डाग दिसला की तिथली साल मऊ पडलीच, बारीक चिराही पडलेल्या असू शकतात.