मित्राला घेऊन मेटल डिटेक्टरनं जुनी नाणी शोधायची तर

एकट्यानं पण फिरता येतं, पण नाणी शोधायला दोघंच बरे असं माझं पक्कं मत झालंय, आणि ते नुसती सोबत मिळते म्हणून नाही तर खणायच्या आधी सिग्नल दोघांनी ऐकता येतो म्हणून.

आधी जागा. जमीन ज्याची त्याची परवानगी घ्या, जमलं तर लेखी, संरक्षित स्मारकाच्या आसपास मशीन बाहेरच काढू नका, आणि आपल्याकडचा कायदा वाचून जा कारण बऱ्याच देशांत जुनं धन सापडलं की कळवावंच लागतं. वाटणी कशी करायची तेपण घरून निघतानाच ठरवा, नाणं हातात आल्यावर तो विषय निघाला की मैत्रीत मिठाचा खडा पडतो. जुनी पायवाट, बाजार भरायचा ती मोकळी जागा, पाणवठा, मोठ्या झाडाची सावली, थोडक्यात जिथं माणसं थांबायची आणि पैसे काढायची तिथं बघा. पाऊस होऊन गेल्यावर जमीन ओली असेल तर सिग्नल बऱ्याचदा जास्त चांगला येतो.

दोन मशीन जवळ आली की एकमेकांच्या कामात अडथळा आणतात आणि उगाच टिवटिव सुरू होते, म्हणून १० मीटर तरी अंतर ठेवा, फ्रिक्वेन्सी बदलता येत असेल तर एकानं बदला. कॉइल, म्हणजे मशीनच्या खालच्या टोकाची चकती, जमिनीला जवळजवळ टेकवून आणि सावकाश फिरवा, बरेचजण टोकाला गेल्यावर हात वर उचलतात आणि खोलीवरचं नाणं तिथंच सुटतं. एक पट्टा तुम्ही उभा चाला, तोच मित्राला आडवा चालू दे, कारण मातीत उभं रुतलेलं नाणं कधीकधी एका बाजूनं नीट ऐकू येत नाही आणि दुसऱ्या बाजूनं येतं.

आता खरी गंमत. आवाज आला की लगेच कुदळ मारू नका. ९० अंश फिरून परत त्याच जागेवरून कॉइल न्या, नाणं असेल तर बहुतेक वेळा दोन्हीकडून सारखाच नेमका टण्ण आवाज येतो, खिळा असेल तर एकीकडून तुटक येतो किंवा गायबच होतो. मग आपलं मशीन बाजूला ठेवायचं आणि मित्राला त्याचं आणून ऐकायला सांगायचं, आपल्याला काय वाटलं ते आधी बोलायचं नाही. दोघांचं जमलं की खणा. डब्याची पत्री आणि फॉइल मात्र दोघांनाही फसवतात, ते खणूनच कळतं.

नाणी बहुतेक १५ ते २० सेंटीमीटरच्या आतच लागतात. सिग्नलच्या बरोबर मध्यावर हत्यार मारायचं नाही, वीतभर लांबून गवताचा तुकडा तीन बाजूंनी कापायचा, चौथी बाजू तशीच ठेवून झाकणासारखा उलटायचा, माती कापडावर काढायची आणि पिनपॉइंटरनं, म्हणजे हातात धरायच्या छोट्या डिटेक्टरनं, त्या मातीतच शोधायचं. नाणं निघालं तरी खड्डा परत तपासा, शेजारी अजून एखादं असतं. मग माती भरून गवत दाबून टाका.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, अंगठ्यानं पुसू नका! ढेकळातून हिरवट कड दिसली की हात आपोआप जातो, पण मातीचे कण म्हणजे बारीक काचपेपरच, एका घासण्यात अक्षरं जातात. आहे तसं मऊ कागदात गुंडाळा, डबीत ठेवा, जागेचा फोटो काढा.

एकाच खड्ड्यातून तीनचार निघाली तर मात्र थांबा, एकानं तिथं बसायचं, दुसऱ्यानं कळवायचं. १९९२ साली इंग्लंडात हॉक्सन गावात एरिक लॉज आपल्या शेतकरी मित्राची हरवलेली हातोडी डिटेक्टरनं शोधत होते, तर जवळजवळ १५ हजार रोमन नाण्यांचा साठा लागला. थोडं बाहेर काढून दोघं थांबले आणि कळवलं, दुसऱ्या दिवशी पुरातत्त्ववाल्यांनी येऊन सगळं नीट उचललं, त्यामुळं कुठली वस्तू कशी ठेवली होती तेसुद्धा कळलं. हातोडीपण सापडली, ती आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.