मद्यपान मर्यादेत ठेवायचे असेल तर

मर्यादा पेल्यांच्या संख्येवर नव्हे, तर पोटात गेलेल्या शुद्ध अल्कोहोलच्या वजनावर ठरवावी. त्यासाठी मिलिलिटरमधील माप बाटलीवरील टक्केवारीने गुणून शंभराने भागावे आणि आलेले उत्तर ०.७९ ने गुणावे. ५ टक्क्यांच्या ३३० मिलि बिअरमधून सुमारे १३ ग्रॅम अल्कोहोल जाते, तर ४० टक्क्यांच्या ६० मिलि व्हिस्कीतून सुमारे १९ ग्रॅम; त्यामुळे ‘मी फक्त बिअरच घेतो’ ही सबब दुसऱ्या बाटलीपाशीच संपते. घरी अंदाजाने ओतलेला पेग बहुधा मोठाच भरतो, म्हणून मापानेच ओतावे.

रिकाम्या पोटी पिऊ नये, कारण अल्कोहोल जठरातून झटकन लहान आतड्यात उतरते आणि रक्तातील प्रमाण वेगाने चढते. यकृत मात्र आपल्याच संथ गतीने त्याचे विघटन करते, आणि कॉफी किंवा गार पाण्याची आंघोळ ती गती वाढवत नाही. झोप लवकर लागते खरी, पण उत्तररात्री ती वारंवार मोडते.

हृदयाला फायदा होईल म्हणून पिणे मुळीच सुरू करू नये: कर्करोगाच्या दृष्टीने सुरक्षित असे कोणतेही प्रमाण नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे. गर्भवती स्त्रिया, यकृताचे रुग्ण आणि झोपेच्या गोळ्या घेणारे यांनी मद्य पूर्णपणे टाळावे.