दर महिन्याला अकरा घरी धान्य पोचवतो, ते कसं जमवतो

नागपुरात आमची बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यूंची, घरं मोजकीच. कोणाचे आजोबा रेल्वेत होते म्हणून इकडे आले, कोणाचे पोस्टात, आणि मग इथलेच होऊन गेले. तफिला, म्हणजे प्रार्थना, कोणाच्या तरी घरीच होते, सगळे मिळून एका हॉलमध्ये मावतील एवढीच मंडळी. तरी आम्ही दर महिन्याला आसपासच्या अकरा घरी किराणा पोचवतो, सगळ्या जातीधर्माची घरं आहेत त्यात, आणि बाहेरगावचे नातेवाईक फोनवर सारखं विचारून राहिले की एवढ्याशा लोकांत तुम्ही हे करता कसं, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. ज्यू असा नाहीतर नसा, भिशीचा ग्रुप असो की भजनी मंडळ, यातलं बरंचसं कोणालाही कामी येईल.

आधी हे ठरवा की किती घरं तुम्हाला बारा महिने झेपतात. सणाला पन्नास घरी वाटून मोकळं होणं सोपं आहे, पण त्या बाईला पुढच्या महिन्यातही पोरांना जेवू घालायचं असतं. आम्ही पाच घरांपासून सुरू केलं, सहा महिने पाहिलं, मग आठ केली, मग अकरा. एकदा एका घराला हो म्हटलं की ते घर त्या डाळीचा हिशोब धरून महिना काढतं, म्हणून मध्येच बंद पडेल असं काही सुरू करू नका. अर्धं वाटलं तरी चालेल, पण खाडा नको.

पैशाचं. आमच्याकडे याला दोन हजार वर्षांपूर्वीची घालून दिलेली पद्धत आहे आणि ती आजही तशीच्या तशी लागू पडते. गावागावात दोन गोष्टी असायच्या, एक कुप्पा म्हणजे पेटी, त्यातून गावातल्या गरिबांना दर शुक्रवारी आठवड्याचं मिळायचं, आणि दुसरं तम्हुई, म्हणजे शिजवलेलं अन्न रोज गोळा करून ज्याला त्या दिवशी खायला नाही त्याला द्यायचं. मिश्ना या आमच्या जुन्या नियमग्रंथात नियम आहे की कुप्पाचे पैसे दोघांनी मिळून गोळा करायचे आणि वाटप तिघांनी ठरवायचं. तीन काऊन, तर कोणाला किती द्यायचं हे ठरवणं म्हणजे पैशाचा निवाडा करण्यासारखंच आहे, आणि निवाड्याला तीन माणसं लागतात. मला हा नियम फार आवडतो. एकट्यावर सोपवलं की माणूस कितीही सज्जन असला तरी कधी ना कधी कोणाच्या मनात शंका येतेच, आणि त्या माणसालाही ते ओझं होतं.

म्हणून आमच्या गबईंच्या, म्हणजे पैशाचं पाहणाऱ्या कारभाऱ्यांच्या, एकट्याच्या यूपीआयवर पैसे घेत नाही, दोघांच्या नावाने जॉइंट खातं काढलं आणि दोघांच्या सहीशिवाय पैसे निघत नाहीत. प्रत्येक घर महिन्याला ठरलेली रक्कम टाकतं, कोणी दोनशे, कोणी दोन हजार, कोणाचे किती हे फक्त त्या दोघांनाच माहीत. शब्बाथला, म्हणजे शुक्रवार संध्याकाळपासून शनिवार संध्याकाळपर्यंतच्या विश्रांतीच्या दिवशी, पैशाला हात लावत नाही, त्यामुळे पेटीत जे टाकायचं ते शुक्रवारी दिवे लावायच्या आत, नाहीतर सरळ रविवारी. माझ्या आईची सवय होती, दिवे लावायच्या आधी ओट्यावरच्या डब्यात नाणं टाकायची, आता तो डबा आमच्या सुनेकडे आहे आणि नातू स्टुलावर चढून त्यात दहाचं नाणं टाकतो. हिशोब दर महिन्याला सगळ्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर, दुकानदाराच्या पावतीच्या फोटोसकट. कोणी देणगीवरच्या इन्कम टॅक्स सुटीची पावती मागितली तर स्पष्ट सांगा की आपलं रजिस्टर ट्रस्ट नाही, ती सूट मिळणार नाही. पुढेमागे ट्रस्ट केलंत तरी 2,000 रुपयांच्या वरची रोख देणगी त्या सुटीत धरत नाहीत, हे देणाऱ्यांना माहीत असू द्या.

घरं शोधायची कशी, तर जाहिरात करून तर अजिबात नाही. अंगणवाडीच्या ताई, आशा ताई, शाळेतल्या बाई, या तिघींना वस्तीतलं सगळं ठाऊक असतं, कोणाचा नवरा पडून आहे, कोणाकडे म्हातारी एकटी आहे, कोणाचं काम सुटलं. त्यांनी नाव सांगितलं की आमच्यातल्या दोघी जाऊन चहा घेऊन येतात, बस. फॉर्म नाही, उत्पन्नाचा दाखला नाही. धर्म विचारत नाही आणि विचारायचं कारणही नाही, तालमुद या आमच्या धर्मग्रंथातच सांगितलंय की शांततेने एकत्र नांदायचं तर आपल्या गरिबाबरोबर दुसऱ्या धर्माच्या गरिबालाही सांभाळा.

आता पिशवीत काय, आणि इथे आम्ही सुरुवातीला चुकलो. पहिल्या महिन्यात दर घरी दहा किलो गहू आणि पाच किलो तांदूळ दिले. एक बाई दुसऱ्या दिवशी गव्हाची थैली डोक्यावर घेऊन परत आली, संकोचली होती बिचारी, म्हणाली, "ताई, रागावू नका, गहू रेशनचे हायेत घरी, तेल असतं त बरं झालं असतं, तीन दिवसांपासून पोरं मीठ-पोळीच खाऊन राहिले." मी तिला आत बसवलं आणि तेव्हाच वही काढून तिलाच विचारत विचारत नवीन यादी केली, आजही तीच चालते.

खरंच आहे ना. प्राधान्य कुटुंबाच्या रेशनकार्डावर माणशी 5 किलो धान्य महिन्याला फुकट मिळतं, अंत्योदय कार्डावर घराला 35 किलो. म्हणजे गहू-तांदळाची सोय बऱ्यापैकी असते, अडतं ते डाळ, तेल, साखर, चहापत्तीपाशी. म्हणून चार माणसांच्या घराला आमची पिशवी अशी: तूर डाळ 2 किलो, चणा डाळ नाहीतर बरबटी 1 किलो, सोयाबीन तेल 2 लिटर, साखर 1 किलो, पोहे 1 किलो, फल्लीदाणे अर्धा किलो, चहापत्ती 250 ग्रॅम, मीठ, तिखट, हळद, अंगाचा साबण दोन आणि कपड्याचा एक. साबण विसरू नका, तो रेशनवर नाही मिळत. ज्या घराचं कार्डच नाही किंवा कार्डात नाव चढलं नाही, तिथे मात्र गहू-तांदूळही द्यायचे, आणि कार्डाच्या कामासाठी कोणीतरी सोबत ऑफिसात जायचं. आमच्याकडचे एक रिटायर्ड काका तेच काम करतात, एका आजीचं नाव चढवायला चार चकरा मारल्या त्यांनी.

पिशवीत सगळं शाकाहारीच ठेवा. आपल्याला कोशेरचा, म्हणजे ज्यूंच्या खाण्याच्या नियमांचा, प्रश्न येत नाही, मुसलमान घराला हलालचा नाही, जैन-ब्राह्मण घरालाही हरकत नाही. लहान मुलांसाठी जेली किंवा मार्शमॅलोसारखी गोडी टाकायची कोणाला हौस आली तर नाही म्हणा, त्यात जिलेटिन असतं, त्यापेक्षा गूळ-फल्ली द्या.

खरेदी इतवारीत ठोकमध्ये करा, एकच दुकान धरा. चार महिने त्याच दिवशी गेलात की दुकानदार स्वतःच चुंगडी बाजूला काढून ठेवतो, आमचा तर आता मोजायलाही पोरगा देतो. डाळ घेताना मूठभर ताटात पसरून पहा, लाखोळीची भेसळ असेल तर दाणा पाचरीसारखा, चौकोनी दिसतो, लाखोळी रोज खाण्यात आली तर पायातली ताकद जाते, तेव्हा इथे आळस नको. तेलाच्या पाकिटावरचं वजन वाचा, एक लिटरसारखं दिसणारं पाकीट कधी 800 ग्रॅमचं निघतं. लोकांनी घरून आणून दिलेल्या वस्तूंवरची तारीख पहा आणि जे आपण आपल्या पोरांना देणार नाही ते पुढे पाठवू नका, यावर वाद घालणारे भेटतात, "गरिबाला चालतं" म्हणणारे, त्यांना गोड शब्दांत परत न्यायला सांगा.

साठवण शक्यतो करूच नका. आम्ही एका जुलैत स्वस्त मिळाली म्हणून दोन महिन्यांची डाळ आणून मागच्या खोलीत ठेवली, झड लागली होती आठ दिवस, खोलीला ओल आली आणि उघडून पाहतो तर सोंडे वळवळून राहिले. तीन बाया अंगणात दोन दिवस सुपं घेऊन बसलो, तरी सात-आठ किलो फेकावी लागली. तेव्हापासून महिन्याचं महिन्याला. जे राहतंच ते पत्र्याच्या कोठीत, कडुलिंबाचा वाळलेला पाला टाकून, जमिनीपासून वर पाटावर, आणि नवीन माल नेहमी मागे. बेसन-रवा पावसाळ्यात घेतच नाही.

वाटपाचा दिवस. तारीख एकवरून सुरू होणारा पहिला आठवडा सगळ्यात चुकीचा, घरकाम करणाऱ्या बायांना पगार तेव्हाच मिळतो. खरी ओढाताण वीस तारखेनंतर लागते. म्हणून आम्ही विसाव्या तारखेनंतरचा पहिला गुरुवार धरला, संध्याकाळी सात ते आठ. आधी शुक्रवार सकाळ ठेवली होती, जुन्या कुप्पाच्या हिशोबाने, पण बाया सकाळी आठलाच कामावर निघून जातात आणि दुपारी आपलीही शब्बाथची घाई असते, मुसलमान शेजाऱ्यांची जुम्म्याची. गुरुवारी दिलं की शुक्रवारी त्यांच्या घरी डाळ शिजलेली असते, मतलब तोच.

पिशवी कापडी, साधी, वर कोणाचं नाव नाही, बाजारातून आणल्यासारखी दिसली पाहिजे. रांग लावायची नाही, दोघं दोघं जाऊन दारात द्यायची आणि दोन मिनिटं बोलून यायचं. फोटो काढायचा नाही, कोणाच्याही सांगण्यावरून नाही. सुरुवातीला आमच्यातल्या एका तरुणाने फोन वर केला तर दारात उभी असलेली दहावीतली मुलगी पटकन पडद्यामागे गेली, आणि पुढच्या दोन महिन्यांत ती आमच्यासमोर आलीच नाही. रामबाम या आमच्या जुन्या धर्मपंडिताने दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्यात, त्यातली वरून दुसरी म्हणजे देणाऱ्याला घेणारा ठाऊक नाही आणि घेणाऱ्याला देणारा. एवढ्याशा वस्तीत ते पूर्ण जमत नाही, पण पैसे देणाऱ्या घरांना कुटुंबांची नावं सांगत नाही आणि कुटुंबांना कोणी किती दिले ते कळत नाही, एवढं नक्की जमतं.

शिजवलेल्या अन्नाचं वेगळं आहे. बारशाचं, लग्नाचं उरलं म्हणून फोन येतात, पण मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो तेव्हा दुपारचा भात संध्याकाळपर्यंत आंबतो. दोन तासांत पोचवणारं माणूस हाताशी असेल तरच हो म्हणा. मलिद्याला, म्हणजे देवाचे आभार मानायच्या आमच्या विधीला, मात्र आम्ही मुद्दाम जास्तीचे पोहे भिजवतो, खोबरं-साखर-वेलची घातलेला ताजा मलिदा आणि फळं जवळच्या दोन-तीन घरी लगेच जातात, ते शेजाऱ्याला प्रसाद दिल्यासारखंच आहे.

वर्षाचा हिशोब कॅलेंडरवर आधीच मांडा. आम्ही ज्याला होळीचा सण म्हणतो त्या पुरीम या ज्यू सणाला, कमीत कमी दोन गरजूंना त्याच दिवशी द्यायचं असतं, त्यासाठी मंडळी जे वेगळे पैसे देतात ते त्याच दिवशी पोचलेच पाहिजेत, खात्यात पडून राहता कामा नये. तिथून बरोबर महिन्याने पेसाहचा सण, तोपर्यंत घरातलं कणीक, रवा, बिस्किटं, शेवया सगळं संपवायचं असतं, तेव्हा साठा ज्यांच्या घरी आहे त्यांनी तो आठवडाभर आधी वाटून मोकळं व्हायचं. दरफाळणीच्या, म्हणजे योम किप्पूरच्या, मोठ्या उपासाला प्रत्येकाने न जेवलेल्या जेवणांचे पैसे पेटीत टाकायचे, पण उपासाच्या आदल्या दिवशी, सूर्य मावळायच्या आत.

आणि उन्हाळा. विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटी उघडतात, म्हणजे तोवर शाळेतलं दुपारचं जेवण बंद. ज्या घरी शाळेची दोन पोरं आहेत त्या घराचा खर्च तेव्हा अचानक वाढतो, आणि नेमके तेव्हाच आपले लोक सुट्टीत गावी गेलेले असतात. म्हणून मे-जूनचे पैसे आम्ही मार्चमध्येच गोळा करतो आणि त्या दोन महिन्यांत मुलं असलेल्या घरी एक किलो पोहे आणि अर्धा किलो फल्ली जास्त. उन्हाळ्यात कोण गावात आहे ते एप्रिलमध्येच विचारून दोघांची जोडी लावून ठेवा.

एखाद्या महिन्यात एखादं घर बंद असतं, पिशवी उरते. जुना नियम आहे की गोळा करणाऱ्यांनी उरलेलं स्वतः विकत घेऊ नये, पूर्ण पैसे देऊनही नाही, दुसऱ्याला विकावं म्हणजे कोणाला बोलायला जागा राहत नाही. आम्ही ती पिशवी अंगणवाडीच्या ताईंना देतो, त्या त्याच दिवशी कोणाला तरी देऊन येतात.

कधीकधी घरच म्हणतं की आता नको. ती गव्हाची थैली परत आणणारी बाई, तिच्या मुलाला काम लागलं आणि गेल्या दिवाळीच्या आधी तिने दारातच सांगितलं, "ताई, आमची पिशवी पलीकडच्या गल्लीतल्या शोभाच्या सासूला देत जा." नाव बदललंय मी इथे. आम्ही तिघांनी बसून वहीत तसं लिहून घेतलं आणि पुढच्या गुरुवारी तीच आम्हाला ते घर दाखवायला सोबत आली.