मुक्कामाची यादी

मुक्त विद्यापीठाच्या आपल्या माजी विद्यार्थिनींचा नाशिकचा मेळावा शनिवार-रविवारचा आहे, म्हणजे तो मधल्या रात्रीचाही आहे. मागच्या खेपेला आम्ही हेच विसरलो. दीपप्रज्वलन झालं, सत्कार झाले, पाहुणे दीड तास बोलले, आणि साडेचारला बघतो तर अर्धं सभागृह पिशव्या आवरून दाराशी उभं. "शेवटची गाडी चुकेल हो ताई." रविवारी सकाळी चहाला उरलो सतरा जणी, त्यातल्या अकरा नाशिकच्याच. म्हणून यंदाची यादी मी रात्रीपासून लिहायला घेतली आहे. रात्र नीट लागली की दिवसाचं बघता येईल.

आपल्याला या रात्रीची गरज इतरांपेक्षा जास्त आहे. दुसऱ्या विद्यापीठांच्या माजी विद्यार्थिनी जमल्या की कँटीन निघतं, होस्टेलची मेस निघते, कुणाच्या तरी नकला होतात. आपलं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ. १९८९ साली ते सुरू झालं तेच 'ज्ञानगंगा घरोघरी' म्हणत. घरोघरी शिकलेल्या बायांना होस्टेल कुठून असणार? कुणी पूर्वतयारी देऊन थेट बी.ए.ला बसली, कुणी पोरं झोपल्यावर गृहपाठ लिहिले, रविवारच्या संपर्कसत्राला, म्हणजे वर्गाला, जायचं म्हणून शनिवारी रात्रीच भाजी चिरून ठेवली. आज त्यातल्या कुणी सरपंच आहेत, कुणी बँकेत शाखा सांभाळतात, कुणी बचत गटांच्या प्रभागसंघाच्या अध्यक्ष आहेत, कुणी पर्यवेक्षिका. एकमेकींना ओळखतात त्या फोनवर. एका खोलीत पाय पसरून बोलल्यात कधी?

तारखेपासून लागा. जानेवारीचा दुसरा शनिवार धरा, कारण त्या दिवशी बँका बंद असतात. शाळा मात्र चालू असतात, तेव्हा शिक्षिकांना रजेचा अर्ज टाकायला महिनाभर आधी कळवा. फेब्रुवारीत बारावीची परीक्षा लागते, म्हणजे त्या पर्यवेक्षणात अडकल्या. २६ जानेवारीला ग्रामसभा, सरपंच बायका त्या आठवड्यात हलत नाहीत. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवाची रांग. रविवारीच १२ जानेवारी येत असेल तर जिजाऊ जयंतीला सिंदखेडराजाला जाणाऱ्या आपल्याकडे येणार नाहीत, त्यांना आधी विचारा. ८ मार्च कुणी सुचवला तर सरळ नाही म्हणा. त्या दिवशी आपल्यातली प्रत्येक जण कुठल्या ना कुठल्या व्यासपीठावर गुलाब धरून बसलेली असते. आणि निवडणुकीची आचारसंहिता लागतेय का, हे तहसीलात असलेल्या आपल्या मैत्रिणीला विचारून घ्या.

मग नावं. जुन्या यादीतल्या निम्म्या बायका सापडत नाहीत, कारण गुणपत्रकावर एक आडनाव आणि आज दुसरं. फोन करताना दोन्ही आडनावं, गाव आणि अभ्यासकेंद्र विचारा. अभ्यासकेंद्र सांगितलं की तिथल्या समंत्रकांना, म्हणजे शिकवणाऱ्यांना, हमखास आठवतं, 'ती ना, लेकराला घेऊन यायची ती.' छातीवरच्या बिल्ल्यावर नाव मोठ्या अक्षरात, खाली गाव, खाली काम. सौ. नको, श्रीमती नको. त्या दोन अक्षरांवरून कुणाचा नवरा आहे आणि कुणाचा नाही हे दारातच कळतं, ते कशाला?

याच कारणानं दारात हळदीकुंकू ठेवू नका. वाईट हेतूनं कुणी ठेवत नाही, माहीत आहे मला. पण ताट पुढं येतं आणि एखादी बाई हळूच मागं सरकते, ते मी बघितलं आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं २०२२ साली विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. आपल्यातल्या किती सरपंचांनी तसा ठराव घेतला, हा शनिवारच्या सत्राचा विषय आहे, आणि दारात आपणच ताट घेऊन उभ्या! तिळगूळ द्या, सगळ्यांना.

निमंत्रणाची दोन पत्रं काढा. एक तिला. दुसरं घराला, म्हणजे सासूबाई, मालक, मोठा मुलगा, जो कोणी 'कशाला राहायचं तिथं' म्हणणार असेल त्याला. त्यात मुक्कामाचा पत्ता, दोन ताईंचे फोन, परतीच्या गाडीची वेळ, आणि एक वाक्य: रविवारी संध्याकाळपर्यंत त्या घरी येतील. असं पत्र लागावं याचा मलाही राग येतो. पण पत्र गेलं की बाई येते, आणि नाही गेलं की येत नाही. सोबत पोचवायला आलेल्या सरपंचपतींसाठी बाहेर मांडवात चहा-बिस्किटं ठेवा. चहा झाला की परतीचा रस्ता दाखवायचं काम मी स्वतः घेते.

प्रवासाचं थोडक्यात. १७ मार्च २०२३ पासून एसटीत आपल्याला अर्धं तिकीट आहे, तेव्हा नंदुरबार, साक्री, सुरगाणा, सगळीकडून एसटीच सोयीची. पुण्याहून रेल्वेचा सरळ मार्ग नाही, रस्त्यानंच यावं लागतं. चाकणच्या कोंडीत दीड तास गेला तरी चालेल अशा हिशेबानं निघायला सांगा. मुंबईच्या बायका शुक्रवारी संध्याकाळच्या पंचवटी एक्सप्रेसनं येतील, त्या नाशिकरोडला उतरतात आणि तिथून शहर आठ-नऊ किलोमीटर आहे. रात्री त्यांना रिक्षा शोधायला लावू नका, दोघी गाडी घेऊन जा. एसटीवाल्यांना मात्र कुठं उतरायचं ते लिहूनच द्या. नाशकात 'स्टँडवर उतरले' याला काही अर्थ नाही: महामार्ग, ठक्कर बाजार, मेळा, निमाणी, जुनं सीबीएस, एवढी स्टँडं. त्यात २०२७ च्या सिंहस्थाची कामं. आदल्या दिवशी खुला असलेला रस्ता दुसऱ्या दिवशी उकरलेला असतो, म्हणून शुक्रवारी संध्याकाळी एकीनं स्कूटरवरून सगळी वाट फिरून यावी.

आता मुक्काम. इथं मी लांबण लावणार आहे.

खोल्या घेऊ नका, मोठे हॉल घ्या. दोघी-दोघींच्या खोल्यांत ओळखीच्याच दोघी जातात आणि दार लावून झोपतात. वीस-वीस गाद्यांचे तीन हॉल हवेत. कोण कुठं झोपणार हे आपण ठरवायचं: एका रांगेत सुरगाण्याची अंगणवाडी ताई, शेजारी बँकेची व्यवस्थापक, शेजारी मालेगावची नगरसेविका. गुडघे दुखणाऱ्यांना तळमजला. तान्ही पोरं घेऊन येणाऱ्या निदान तिघी असतील, त्यांना वेगळी खोली आणि मूल धरायला एक मावशी, पगारी. आपल्यातल्या कुणाला मूल धरायला बसवू नका.

जानेवारीतली नाशिकची थंडी मुंबईवाल्यांना सांगून पटत नाही. निफाडचा पारा राज्यात सगळ्यात खाली गेल्याची बातमी त्या वाचतात आणि तरी एक ओढणी घेऊन येतात. माणशी दोन ब्लँकेट सांगा, वर दहा जास्तीची. गादीवाल्याकडून आलेल्या चादरी हुंगून घ्या, दमट वास असेल तर त्याच वेळी परत. खिडक्यांच्या फटी शुक्रवारीच बघा.

अंघोळीचा हिशेब कागदावर मांडा. साठ जणी, सहा न्हाणीघरं, माणशी दहा मिनिटं धरली तरी शंभर मिनिटं. सगळ्यांना पहाटे गरम पाणी मिळणार नाही, म्हणून ज्यांना चालतं त्यांनी रात्रीच अंघोळ उरकावी, तसं निमंत्रणातच लिहा. कड्या आतून नीट लागतात का ते प्रत्येक दाराची कडी स्वतः लावून बघा. पॅड, सेफ्टी पिना, डोकेदुखीच्या गोळ्या, नाडी घालायची सळई, सगळं एका डब्यात न्हाणीघराबाहेर उघड्यावर ठेवा. मागायला लागलं की मागत नाहीत. फोन चार्ज करायला बोर्ड भरपूर लावा, नाहीतर सगळ्या एकाच कोपऱ्यात भिंतीला टेकून बसतात. खरं तर तसं झालं तरी माझी हरकत नाही.

रात्री साडेनऊनंतर कार्यक्रम ठेवायचा नाही. अंताक्षरी नको, फनी गेम्स तर नकोच. प्रत्येक हॉलमध्ये चहाचा थर्मास आणि दाण्याची चिक्की ठेवा आणि संयोजकांनी तिथून निघून जा.

स्वयंपाक बाहेर द्या, तोही बचत गटाला. अर्धे पैसे आधी आणि उरलेले रविवारी जेवण वाढून झाल्या-झाल्या, 'बिल पाठवा' म्हणायचं नाही. आपल्या संयोजक मंडळातली एकही बाई वाढपी म्हणून उभी राहता कामा नये. हे लिहायला सोपं आहे. आपण पदर खोचून पुढं होतोच, म्हणून स्वयंपाकघराच्या दारावर पाटी लावा. शनिवारी सकाळी मिसळ, काळ्या मसाल्याची, तर्री वेगळी, सोबत पापड आणि दही. शनिवारचा उपास करणाऱ्या बऱ्याच निघतील, त्यांना भगर आणि दाण्याची आमटी. भगर आपल्या इगतपुरी-त्र्यंबकच्या डोंगरातली आणा, दुकानातल्या पाकिटात ती चव नसते. रात्री नागलीची भाकरी, पिठलं, ठेचा. दुधाचं साधं गणित: साठ कप चहाला तीन लिटर, आणि दोन दिवसांत चहा सात वेळा तरी होणार. द्राक्षं नुकती सुरू झालेली असतील, आंबट निघाली तर निघाली, पण दिंडोरीच्या मैत्रिणींना आणू द्या.

शनिवारी दुपारी सगळ्यांना विद्यापीठ दाखवायचं. हसू नका. पदवी घेतलेल्या कितीतरी जणींनी ते पाहिलेलंच नाही, त्यांचं विद्यापीठ म्हणजे तालुक्याच्या शाळेतलं अभ्यासकेंद्र. गंगापूर धरणाच्या वाटेवरचं ज्ञानगंगोत्रीचं आवार त्यांनी फक्त पुस्तकाच्या मलपृष्ठावर पाहिलंय. परवानगीचं पत्र पंधरा दिवस आधी द्या, शनिवारी कार्यालय बंद असणार हे धरून. फोटोला भरपूर वेळ ठेवा. पोरांना व्हॉट्सॲपवर पाठवायचा असतो तो.

सत्रं दोनच. पाहुणे बोलवायचेच असतील तर वीस मिनिटं, आणि सत्कार भाषणाच्या आधी उरका. प्रत्येकीनं एक अडलेलं काम कागदावर लिहून आणायचं, नाव न घालता. ग्रामसभेआधीची महिलांची सभा कागदोपत्रीच होते, काय करू? ग्रामपंचायत कायद्याच्या कलम ३५ खाली अविश्वास ठराव आणायची धमकी देतात. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या कार्यालयात लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याची तक्रार समिती फलकावर आहे, पण बैठक एकदाही नाही. पाच-पाच जणींचे गट करा, एक कागद, पाऊण तास. ज्या बाईनं ते काम कुठंतरी निभावलंय ती त्या गटात हवी, तेव्हा कागद आठवडाभर आधी मागवून घ्या आणि जुळवा. सगळ्यात जास्त वेळ याला लागेल. मागच्या वेळी आम्ही तो वेळ हारतुऱ्यांना दिला.

माईक बिनतारी, बॅटऱ्या जास्तीच्या. भाषणाचा उंच डेस्क काढून टाका. तो पाच फूट आठ इंचाच्या माणसासाठी केलेला असतो. मागं आमच्या पेठच्या ताई बोलल्या, शेवटच्या रांगेला नुसता अंबाडा दिसत होता.

रविवारी सकाळी त्रिरश्मी लेणी, ज्यांना आपण पांडवलेणी म्हणतो. ऊन तापायच्या आत पायऱ्या चढायच्या, काठी लागणाऱ्यांनी खाली फाळके स्मारकापाशी बसावं. गाईड नको, आपल्यातल्या इतिहासाच्या शिक्षिका सांगतील. तीन नंबरच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे, तिचा नातू, सातवाहन राजा पुळुमावी, याच्या एकोणिसाव्या राज्यवर्षातला. गौतमीपुत्र सातकर्णीचे पराक्रम आपण शाळेत पाठ केले, ते त्याच्या आईनं इथं कोरून ठेवले म्हणून कळले. दान तिचं, लेखही तिनंच कोरवलेला. दहा नंबरमध्ये दक्षमित्रेनं, सातवाहनांशी लढणाऱ्या क्षत्रप नहपानाच्या मुलीनं, दिलेल्या खोलीचा लेख आहे. एका डोंगरावर, लढणाऱ्या दोन घराण्यांतल्या दोन बायका. तिथं माईक नेऊ नका, आवाज आपोआप घुमतो.

पैशाचं शेवटी. एकच वर्गणी ठेवली तर अंगणवाडीच्या ताया गळतात. खर्च माणशी किती पडतो तो आकडा सांगा आणि बंद पाकिटं ठेवा, जिला जे जमेल ते. पावती मागेल तिला पावती. जमाखर्च रविवारी जेवणाआधी वाचून दाखवा, तूट आली तरी.

परतीच्या गाड्यांच्या वेळा शनिवारीच फळ्यावर लिहा, म्हणजे कुणाचा जीव टांगणीला राहत नाही. आणि गादीवाल्याला रविवारी चारनंतरचीच वेळ द्या. मागच्या वेळी तो बाराला आला. त्याचा पोऱ्या पहिली गादी गुंडाळायला लागला तशा सगळ्या बायका बोलणं अर्धं टाकून उठल्या आणि चादरींच्या घड्या घालायला लागल्या.