लोंबत्या रंगीत सक्युलंट्स : पावसाळ्याआधी या चुका टाळा

डिसेंबरात नर्सरीतून आणलेल्या रुबी नेकलेस या सक्युलंटचे, म्हणजे पानांत पाणी साठवणाऱ्या झाडाचे, देठ गडद जांभळे असतात आणि शेंगेसारखी पानं लालसर. जून उजाडेपर्यंत तेच झाड हिरवं, लांबुळकं होतं आणि ऑगस्टमध्ये बुडापासून सुटून हातात येतं. "पाणी तर अगदी वेळेवर घालत होतो," असं बहुतेक जण सांगतात. पहिली चूक तीच, वेळेवर पाणी घालण्याची.

या झाडांना वार कळत नाही, माती वाळली की नाही एवढंच कळतं. म्हणून उदबत्तीची काडी कुंडीच्या तळापर्यंत खुपसा आणि थोड्या वेळाने काढून पाहा. काडीला ओलसर माती चिकटून आली, तर पाणी घालू नका. पुण्यात एप्रिलमध्ये पाच-सहा दिवसांत वाळणारी कुंडी जुलैत तीन आठवडे ओली राहू शकते. मुंबई-कोकणात तर हवेतच इतकी ओल असते, की पानांतून पाणी फारसं उडत नाही आणि मुळंही ते फारसं ओढत नाहीत. पावसाची थेट झड लागत नसली, तरी कुंडी कुजते ती यामुळे.

सगळ्यात जास्त झाडं जिथे जातात, ती खूण नीट समजून घ्या. पानं सुरकुतली की आपला हात झारीकडे जातो. पण सुरकुत्या दोन कारणांनी पडतात. माती कोरडी आणि पान सुरकुतलेलं असेल, तर झाड तहानलेलं आहे. तळाच्या भोकातून पाणी वाहेपर्यंत घाला, एक-दोन दिवसांत पानं पुन्हा भरतील. माती ओली असूनही पान सुरकुतलेलं असेल, तर मुळं सडली आहेत आणि झाडाला समोरचं पाणी पिता येत नाही. तिथे आणखी पाणी घातलं, तर उरलेली मुळंही जातात. अशा वेळी झाड उपटा आणि देठ कापत वर जा, आतला गर हिरवा-पांढरा, स्वच्छ दिसेपर्यंत. तो तुकडा दोन-तीन दिवस सावलीत सुकवून कोरड्या मिश्रणात लावा. पानं पिवळी, पारदर्शक आणि लिबलिबीत झाली असतील, तर वाट पाहण्यात अर्थ नाही, कात्री लगेच हातात घ्या.

मिश्रणाचंही थोडं बघायला हवं. नर्सरीतली बरीच झाडं निव्वळ कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात) येतात. ते पावसाळ्यात ओल धरून बसतं आणि उन्हाळ्यात एकदा पूर्ण वाळलं, की पाणी वरच्यावर निसटून जातं. दोन भाग विटांचे बारीक तुकडे, प्युमिस (सच्छिद्र ज्वालामुखी दगडाचे खडे) किंवा चाळलेली जाड वाळू आणि एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट, एवढं पुरतं. कुंडी उथळ घ्या; या झाडांची मुळं खोल जात नाहीत.

आता रंगाकडे. जांभळा, लाल, गुलाबी रंग भरपूर उजेड, गार रात्री आणि थोडी उपासमार यांतून येतो. रंग फिका पडला म्हणून खत घालणं म्हणजे तो आणखी घालवणं, कारण नत्र मिळालं की झाड हिरवं होऊन धावत सुटतं. नाशिक-पुण्याकडे डिसेंबर-जानेवारीत रात्री गार पडतात, तेव्हा ग्राप्टोपेटलम हे जाड पानांचं सक्युलंट गुलाबी होतं आणि रुबी नेकलेस नावाला जागतं. मुंबईत तेवढा रंग येत नाही. त्यासाठी झाडाला औषधं पाजू नका. पावसाळ्यात सावलीत वाढलेलं झाड ऑक्टोबरच्या उन्हात एकदम ठेवलं, तर मात्र पानं भाजतात. आधी फक्त सकाळचं ऊन द्या आणि दोन आठवड्यांत हळूहळू वाढवा. विदर्भात एप्रिल-मे निम्मं ऊन अडवणाऱ्या शेडनेटखालीच (सावलीच्या जाळीखाली) काढावे.

मण्यांसारखी गोल पानं असलेल्या स्ट्रिंग ऑफ पर्ल्सचं दुखणं वेगळं. वेली खाली छान लोंबतात, पण कुंडीच्या माथ्यावर टक्कल पडतं. कारण कुंडी छताच्या हुकाला टांगलेली असते. उजेड लोंबत्या मण्यांना मिळतो आणि माथा स्लॅबच्या अंधारात राहतो. उजेड मातीच्या पृष्ठभागावर पडायला हवा, म्हणून कुंडी कठड्याच्या उंचीवर आणा. दहा-बारा सेंटीमीटरच्या वेली कापून मातीवर गोल गुंडाळा आणि केसांच्या आकड्याने जागोजागी दाबून ठेवा. पेरांना मुळं फुटतात आणि माथा पुन्हा भरतो. प्रत्येक मण्यावर एक पारदर्शक रेघ असते, तिच्यातून उजेड आत जातो. ती रेघ मिटत आली आणि मणी सैल पडले, की पाण्याची वेळ झाली.

बदामाच्या आकाराच्या पानांची स्ट्रिंग ऑफ हार्ट्स ही वेल मूळची दक्षिण आफ्रिकेची, पण सह्याद्रीतल्या आपल्या कंदीलपुष्पांच्याच कुळातली. तिलाही कंद असतात. पानं गळाली म्हणून कुंडी फेकू नका. कंद टणक असेल, तर ती पुन्हा फुटते. आणि एक कळकळीची विनंती : हौस म्हणून कड्यावरचं कंदीलपुष्प उपटून आणू नका. त्यातल्या अनेक जाती फक्त इथेच उगवतात आणि मोजक्याच जागी उरल्या आहेत.

पेरांत कापसासारखे पुंजके दिसले, तर ते पिठ्या ढेकूण. कापसाच्या बोळ्याने सर्जिकल स्पिरिट लावून ते टिपा. मुंग्यांची रांगही थांबवा, त्याच त्यांना झाडभर पसरवतात. ग्राप्टोपेटलमच्या पानांवर पांढरट भुकटीचा थर असतो, त्यावर कडुनिंबाचं तेल फवारू नका. थर निघतो आणि त्या पानावर परत येत नाही.

मे संपण्याआधी प्रत्येक झाडाचे चार-पाच तुकडे छोट्या कुंडीत लावून पाऊस पोचणार नाही अशा उजेडाच्या खिडकीत ठेवा. मोठी कुंडी जुलैत गेली, तरी वाण घरात राहील.